सोळावा गडी

माझा धंदा कवळ्यांचा.
रास्ता पेठेत, पॉवर हाउसमागच्या बोळात,
दिवसभर गुलाबी मेण, पांढरं प्लास्टर
आणि लोकांचे जबडे, चिठ्ठ्या लावून फळीवर ठेवलेले.

रविवारी मात्र जुना बाजार.
नळाच्या तोट्या, सुटे स्क्रू, कुणाकुणाचे चष्मे ओलांडत
मुनीर तांबोळीच्या ताडपत्रीपाशी उकिडवा बसतो.
मला काय हवं ते त्याला ठाऊक आहे:
कोकिळा कन्फेक्शनरी, घोरपडी पेठ.
पाच पैशांच्या पुडीत चार लिमलेटच्या गोळ्या
आणि आगपेटीएवढं एक चित्र, क्रिकेटवाल्याचं.
गाल रंगवलेले, पॅड ढगळ,
मागे आकाश इतकं निळं की ते पुण्याचं नव्हेच.
एकाचा कोपरा मुंग्यांनी नेलाय, तेही ठेवलंय.
पाठीला अजून जीभ लावली तर आंबट लागतं.
लावून पाहिली आहे.

सोळांचा संच. एकवीस वर्षांत पंधरा मिळाली.
सोळावं नाही.
जे. पी. रणदिवे, यष्टिरक्षक,
एवढंच, बाकीच्यांच्या पाठीवरच्या यादीत.
एक जाणकार म्हणाला, छापलंच नाही,
पोरांनी गोळ्या घेत राहाव्यात म्हणून.
दुसरा म्हणाला, नागपुरात एकाकडे आहे.
नागपूरला जाऊन आलो. तिथे चार नंबर होता,
माझ्याकडे आधीच तीनदा असलेला.

मग गिऱ्हाइकांना विचारू लागलो.
ज्यांचे दात त्या गोळ्यांनी नेले, त्यांनाच विचारायचं ना.
तोंडात साचा असतो, बहुतेक जण हं-हं करतात.

मार्तंड ढमढेरे. वय अठ्ठ्याहत्तर, वरचा जबडा.
साचा निघाल्यावर त्यांनी आधी चूळ भरली,
मिशीला लागलेला लगदा पुसला,
मग म्हणाले, रणदिवे ना? तो मीच.

तुम्ही तर ढमढेरे.
हो. मी पुड्या भरायचो तिथे. चौदा वर्षांचा होतो.
गडी मिळाले पंधरा, छापखान्याच्या दगडावर घरं सोळा.
कागद फुकट जाऊ नये म्हणून मालकांनी हाक मारली,
ए पोऱ्या, हातमोजे घाल.
हातमोजे भट्टीवरचे, पाक ओतायचे.
मिशी मागाहून पेन्सिलीनं काढली.
रणदिवे मालकांचा मेहुणा.

मग चित्र गेलं कुठे?

ते रुमालाची घडी घालत बसले. एकदा, परत एकदा.
लाज वाटली हो. जन्मात बॅट धरली नव्हती मी.
गल्लीतली पोरं ओळखणार, हसणार.
पुड्या भरणारा मी एकटा.
सोळा नंबर हाताला लागला की भट्टीत.
एक न् एक. तीन महिने
स्वतःलाच जाळत होतो. पाक मात्र छान व्हायचा.

मग जरा पुढे वाकून, हळू आवाजात:
तुमच्याकडे नाही ना एखादं?
आमची मंडळी गेली मार्चात. तिला ते खोटंच वाटायचं.

मी मान हलवली.
असा बसलो होतो, म्हणत ते खुर्चीतून उतरले,
खाली बसले. गुडघे कडाडले.
दोन्ही तळवे पुढे, उघडे,
नजर माझ्या खांद्यावरून
पलीकडून धावत येणाऱ्या कुणावर तरी.
मागे माझी भिंत, ओल आलेली. आकाश नाही.
मोबाईल खिशात होता. काढला नाही.

उठवताना त्यांचा सगळा भार माझ्या मनगटावर आला.
साच्याला चिठ्ठी लावली: ढमढेरे, वरचा.
नंबर सोळा आला असता तर बरं वाटलं असतं.
एकशे चव्वेचाळीस आला.

गुरुवारी या, म्हणालो.
पहिले आठ दिवस कडक काही चावू नका.

आणि चघळलं तर?